फायबरग्लासची इंधनटाकी: झाकण बसवण्याआधीच गळती अडवा

विमानासाठी आतून ६० × ४० × १७ सेंमी मापाची, म्हणजे साधारण ४० लिटरची टाकी धरू. भिंती १० मिमी पीव्हीसी फोमच्या. थर्माकोल किंवा पॉलिस्टायरीन चालणार नाही, पेट्रोल त्याला विरघळवतं. काचेचं कापड भिजवायला रेझिन व्हिनाइल एस्टर घ्या; इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात साधी इपॉक्सी मऊ पडू शकते. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट होण्यासाठीचं द्रावण) रेझिनमध्ये आधी पूर्ण घोळवा, एमईकेपी हे हार्डनर त्यानंतर. हे दोन्ही थेट एकमेकांत ओतले तर स्फोट होतो.

आतल्या बाजूला चौरस मीटरला २९० ग्रॅमच्या काचेच्या कापडाचे दोन थर, वर नुसत्या रेझिनचा एक हात. सुकल्यावर टॉर्च तिरपी धरून पाहा: टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसले की घासून पुन्हा रेझिन. कोपऱ्यांत फ्लॉक्स (रेझिनमध्ये कालवलेले कापसाचे बारीक तंतू) भरा, मायक्रो (काचेच्या पोकळ सूक्ष्म गोळ्यांचं मिश्रण) नको. मायक्रोतून इंधन झिरपतं.

बॅफलला (इंधन हिंदकळू नये म्हणूनच्या आतल्या आडभिंतीला) खालच्या कोपऱ्यांत इंधनासाठी आणि वरच्या कोपऱ्यांत हवेसाठी भोकं ठेवा. निचऱ्याचा कॉक विमान जमिनीवर उभं असताना सर्वांत खाली येईल तिथे. इंधन नेणाऱ्या नळीच्या तोंडाला ८ ते १६ मेशची (इंचाला तितक्या भोकांची) जाळी, बाहेरून काढता येईल अशी. फिटिंगभोवतीचा फोम कोरून तिथे भरीव ग्लास भरा. आट्यांना टेफ्लॉन टेप नको, तिचे तुकडे जाळीत अडकतात. भरण्याच्या तोंडाची धातूची कडी तारेने अर्थ करा, कारण ग्लासमधून वीज वाहत नाही.

खरी परीक्षा झाकणाची, कारण आतला सांधा नंतर हाताला लागत नाही. टाकीच्या काठाला २५ मिमी रुंद पट्टी ठेवा. तिच्यावर प्लॅस्टिसिनच्या (मुलांच्या खेळण्याच्या मऊ मातीच्या) गोळ्या ठेवून झाकण कोरडंच दाबा. गोळ्या किती चपट्या झाल्या त्यावरून फट कळते. फ्लॉक्स त्याहून जाड लावा, दोन्ही कडांनी बाहेर आला पाहिजे. बाहेरून ५ सेंमी रुंद कापडाचे दोन थर.

चाचणीला कॉम्प्रेसर लावू नका. १ पीएसआयला (चौरस इंचाला एक पौंड दाबाला) ६० × ४० सेंमीच्या भिंतीवर जवळजवळ १७० किलोचा जोर येतो. सायकलचा हातपंप आणि दाब मोजायला पाणी भरलेली यू आकाराची नळी पुरे. १ पीएसआय म्हणजे ७० सेंमी पाणी. त्याच्या निम्म्यावर थांबून सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. नळीतली पातळी उतरली म्हणून लगेच घाबरू नका: टाकी एक अंश गार झाली तरी सुमारे साडेतीन सेंमीचा फरक पडतो. तापमान सारखं असताना मोजा, ऊन पडू देऊ नका.

पहिली दोन-तीन भरणं फक्त धुण्यासाठी. घासकामाची भुकटी कॉकमधून निघणं थांबेपर्यंत इंधन बाहेर काढून टाका.