रात्रपाळीला माणसं किती लावायची आणि बेल वाजल्यावर काय करायचं

पहाटे साडेतीनला एक आजी बाथरूममध्ये पडल्या, पाळीवरच्या दोघी त्यांच्यापाशी धावल्या आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावरची बेल वाजली. आता कोण जाणार? वृद्धनिवास चालवणाऱ्या कुणीही रात्रपाळीचा विषय काढला की मी आधी हेच विचारते. उत्तर ‘बघू’ असेल तर माणसं कमी आहेत.

नुसती डोकी मोजून पाळी लावू नका. उठवायला दोघं लागतात असे किती, रात्री उठून भटकणारे किती, इन्शुलिनवर आणि ऑक्सिजनवर किती, मजले किती, हे मोजा. प्रत्येक मजल्याला एक जागं माणूस आणि त्याशिवाय एक मोकळं, हा माझा हिशेब. कारण ॲम्ब्युलन्स आली की कुणीतरी सोबत जातं आणि सकाळपर्यंत परतत नाही. ‘गरज पडली तर उठव’ म्हणून खोलीत झोपलेला माणूस राखीव असतो. त्याला जागत्यांत धरू नका. गाढ झोपेतून उठलेल्याचं डोकं चालायला काही मिनिटं जातात.

तीन ते पाच ही वेळ शरीर सर्वात मंदावण्याची. लिखापढी त्याआधी उरकून घ्या आणि आळीपाळीनं वीस मिनिटांची डुलकी उघडपणे मंजूर करा. नाहीतर ती चोरून घेतली जाते आणि कोण जागं आहे हे कुणालाच ठाऊक नसतं.

राउंडच्या वहीत एकाच पेनानं ओळीनं ‘ठीक, ठीक, ठीक’ लिहिलेलं दिसलं की मी ते पान वाचतच नाही. काय पाहिलंत ते लिहा : ‘२.१०, स्वतः उठून बाथरूमला गेल्या, पाणी मागितलं, नीट बोलल्या.’ ही ओळ फार मोलाची आहे. समजा, सहा वाजता त्याच आजींचं तोंड वाकडं दिसलं, हात उचलेना, शब्द अडखळू लागले. डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, शेवटच्या ठीक कधी होत्या? पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि घड्याळ सुरू होतं ते त्या ‘शेवटच्या ठीक’ वेळेपासून. शेवटची नोंद रात्री दहाची असेल तर ती मुदत कागदावर संपलेलीच. २.१० ची असेल तर घाई करण्यात अर्थ आहे. झोपलेला माणूस श्वास घेत होता एवढ्यावरून तो ‘ठीक’ ठरत नाही, म्हणून उठणं, बोलणं, बेल दाबणं यांच्या वेळा टिपायच्या. मात्र त्यासाठी कुणाची झोपमोड करू नका. आणि पक्षाघाताची शंका असेल तर तोंडातून काहीही द्यायचं नाही, पाणी नाही, गोळीसुद्धा नाही.

रात्रीच्या बेलचं एक नेहमीचं कारण म्हणजे कुणीतरी पडणं. अशा वेळी पहिली चूक म्हणजे काखेत हात घालून उचलणं. आधी खाली बसा, नावानं हाक मारा, श्वास पाहा. मग डोकं, मान, खुबा. एक पाय आखूड दिसतोय, पाऊल बाहेर वळलंय, हलवलं की ओरडतात, असं असेल तर खुब्याचं हाड मोडलं असं धरून चाला. पांघरूण घाला, जागचं हलवू नका आणि ॲम्ब्युलन्स बोलवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाला डोक्याला मार लागला असेल तर टेंगूळही नसलं तरी दवाखान्यात न्या, आत रक्तस्राव सावकाश होतो. अशी गोळी कुणाकुणाला आहे याची यादी रात्रीच्या टेबलावर चिकटवलेली हवी, ऑफिसच्या कुलूपबंद कपाटात नको. किती वेळ पडून होते तेही विचारा. तासाभराहून जास्त असेल तर वरवर बरे दिसले तरी डॉक्टरांना कळवा.

घाम फुटलाय, बरळतायत आणि इन्शुलिन चालू आहे? साखर तपासा. ७० च्या खाली आणि गिळता येत असेल तर साधारण तीन छोटे चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा.

श्वास थांबला असेल तर गादीवरून खाली कडक जागेवर घ्या, छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबा. दाबणारी व्यक्ती दर दोन मिनिटांनी बदला. ज्यांनी हे नको असं डॉक्टरांमार्फत रीतसर लिहून ठेवलंय त्यांचा कागद फाईलच्या पहिल्याच पानावर लावा. त्या क्षणी नातेवाइकांना फोन लावून विचारत बसायला वेळ नसतो.

कुठल्याही प्रसंगात कामं तीन : एकजण पेशंटपाशी थांबते, दुसरी फोन करते, तिसरी फाटक उघडून लिफ्ट धरून ठेवते. कोणाचं काम कोणतं हे पाळी सुरू होतानाच ठरवा. आणि फाटकाची किल्ली वॉचमनच्या खिशात नको, खिळ्यावर हवी.

आगीच्या वेळी मात्र लिफ्ट अजिबात नाही. पेटलेल्या खोलीतला माणूस बाहेर काढा, दार लावून घ्या, ऑक्सिजन बंद करा आणि त्याच मजल्यावर अग्निरोधक दारापलीकडच्या भागात न्या. सगळ्यांना जिन्यानं खाली उतरवणं तिघींच्या हातून होत नाही. हवा यावी म्हणून हीच दारं खुर्ची लावून उघडी ठेवलेली असतात, म्हणून प्रत्येक राउंडला त्या खुर्च्या काढा.

सराव दिवसा, भरपूर माणसं असताना घेऊ नका. रात्रीच्याच पाळीला, सर्वात लांबच्या खोलीची बेल दाबा आणि कुणीतरी दारात येईपर्यंत किती वेळ गेला ते घड्याळ लावून मोजा. तो आकडा घेऊन मालकांकडे जा, जास्तीचं माणूस मागायला दुसरा पुरावा लागत नाही.