टाळेबंदीत अडकलेल्या स्थलांतरित मजुरांना गावी पाठवताना

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता करोनाच्या साथीमुळे देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्रीपासून ती लागू झाली. रेल्वे, एसटी आणि खासगी वाहतूक बंद असल्याने मुंबई, भिवंडी, पुणे, नाशिक अशा शहरांतले बांधकामावरचे गवंडी आणि बिगारी, यंत्रमागावरचे कारागीर, नाक्यावर उभे राहून रोजचे काम मिळवणारे मजूर हाताला काम नसताना खोलीभाडे आणि पोट या दोन्ही चिंता घेऊन अडकून पडले. राज्याबाहेर जाण्याची अधिकृत वाट केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २९ एप्रिलच्या आदेशाने उघडली आणि १ मेपासून श्रमिक विशेष गाड्या सुटू लागल्या. त्या दिवशीची पहिली गाडी तेलंगणातील लिंगमपल्लीहून झारखंडमधील हटियाला गेली आणि त्याच रात्री नाशिकरोडहून भोपाळकडे महाराष्ट्रातली पहिली गाडी निघाली. ऑगस्टअखेरपर्यंत या गाड्यांनी साठ लाखांहून अधिक लोक आपापल्या राज्यांत पोहोचले. हे सारे होत असताना मजूर आणि सरकारी कचेरी यांच्या मधल्या जागेत वस्तीतले कार्यकर्ते, कामगार संघटना, गणेश मंडळे आणि सोसायट्यांतील रहिवासी उभे होते. तशी वेळ पुन्हा आली, तर त्या जागेत उभे राहणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

अन्नाची पाकिटे वाटायला माणसे पुष्कळ मिळतात आणि ती मिळायलाच हवीत. मात्र मजूर घरी पोहोचतो तो दोन गोष्टींमुळे: त्याचे नाव अचूक यादीत असते आणि खरी माहिती वेळेवर त्याच्यापर्यंत पोहोचते. या दोन्ही कामांत चिकाटी लागते आणि कौतुक फारसे होत नाही, म्हणून ती मागे पडतात. आपली सर्वांत नेटकी माणसे याच कामांवर लावावीत.

आधी विचारावे, मग लिहावे

वस्तीत गेल्यावर प्रत्येकाला गावी जायचेच आहे असे गृहीत धरू नये. काहींना फक्त महिन्याचा शिधा आणि घरमालकाच्या तगाद्यापासून सुटका हवी असते, आणि ती मिळाली तर ते काम सुरू होईपर्यंत थांबायला तयार असतात. २९ मार्च २०२० च्या आदेशात मजुरांकडून एक महिन्याचे भाडे मागू नये असे स्पष्ट म्हटले होते, तर मे आणि जून महिन्यांसाठी शिधापत्रिका नसलेल्या स्थलांतरितांना माणशी ५ किलो धान्य आणि कुटुंबाला १ किलो हरभरा देण्याची तरतूद झाली होती. असे आदेश छापून जवळ ठेवावेत, कारण तोंडी सांगण्याने न ऐकणारा घरमालक किंवा रास्त भाव दुकानदार कागद पाहिल्यावर बहुधा नरमतो. ज्याला जायचे आहे त्याला मात्र ‘इथेच थांबा’ असा उपदेश करू नये. गावी म्हातारे आईवडील आहेत, पेरणीचे दिवस जवळ येत आहेत, शहरात मरण आले तर मातीला आपले कोणी नसेल ही भीती आहे. ही कारणे आपल्याला पटण्याची गरज नाही.

यादी

हे काम शांतपणे, एका वेळी एका खोलीत बसून करावे. नाव आधार कार्डावर जसे आहे तसेच लिहावे, मुकादम ज्या नावाने हाक मारतो ते लिहू नये. वय, मोबाइल क्रमांक, सध्याचा पत्ता आणि तो कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतो हे लिहावे. लहान मुलांची नावेही स्वतंत्र ओळीत घ्यावीत, कारण ‘सोबत दोन मुले’ एवढीच नोंद असेल तर मोजणीत कुटुंबाला जागा कमी पडते आणि मग स्थानकाच्या दारात कोणी मागे राहायचे हा प्रश्न त्या आईपुढे येतो. गरोदरपण, मधुमेह, क्षयरोगाचे उपचार, दम्याचा त्रास यांची नोंद शेवटच्या रकान्यात करावी आणि ती माहिती प्रवासाची तयारी करणाऱ्यांखेरीज कोणाला दाखवू नये.

सर्वांत जास्त चुका मूळ गावाच्या पत्त्यात होतात. बिहारचा मजूर ‘आरा’ सांगतो तेव्हा त्याचा जिल्हा भोजपूर असतो. ‘छपरा’ म्हणजे सारण, ‘मोतिहारी’ म्हणजे पूर्व चंपारण, ‘बेतिया’ म्हणजे पश्चिम चंपारण, ‘सासाराम’ म्हणजे रोहतास आणि ‘भभुआ’ म्हणजे कैमूर. शासकीय यादी जिल्ह्याच्या नावाने चालते, शहराच्या नावाने चालत नाही. याहून फसवी गोष्ट म्हणजे एकाच नावाचे जिल्हे. बलरामपूर उत्तर प्रदेशात आहे आणि छत्तीसगडमध्येही आहे. प्रतापगड उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात. हमीरपूर उत्तर प्रदेशात आणि हिमाचल प्रदेशात. २०२० मध्ये औरंगाबाद हा जिल्हा महाराष्ट्रात होता तसाच बिहारमध्येही होता, आणि केवळ ‘औरंगाबाद’ लिहिलेला अर्ज वाचणाऱ्या कारकुनाला हा माणूस राज्याबाहेर जाणार की राज्यातल्या राज्यात, हे कळण्याचा मार्ग नव्हता. म्हणून राज्य, जिल्हा, तहसील किंवा प्रखंड, पोलीस ठाणे आणि गाव असे पाचही तपशील विचारावेत, आणि त्याला उतरायला सोयीचे असलेले मोठे रेल्वे स्थानकही लिहून ठेवावे. हे स्थानक मजुरालाच विचारावे. नकाशापेक्षा त्याला ते नक्की ठाऊक असते.

यादी देवनागरी आणि इंग्रजी अशा दोन्ही लिपींत करावी. गावनिहाय न करता जिल्हानिहाय क्रम लावावा, कारण गाडी ठरते ती जिल्ह्यांच्या गटावरून.

कचेरीतला मार्ग

महाराष्ट्रात या कामासाठी जिल्हाधिकाऱ्यांना आणि शहरांत पोलीस यंत्रणेला नोडल, म्हणजे समन्वयाची जबाबदारी असलेले अधिकारी, म्हणून नेमले होते. मुंबईत अर्ज बहुतांशी स्थानिक पोलीस ठाण्यातच स्वीकारले जात. अर्ज एकेकट्याने देण्यापेक्षा गटाने द्यावा, गटाचा एक प्रमुख मजुरांमधूनच नेमावा आणि यादीच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. पोच नसली की आठवड्याने तीच यादी पुन्हा मागितली जाते आणि प्रतीक्षेतला क्रम मागे जातो.

श्रमिक गाडीचे तिकीट खिडकीवर मिळत नव्हते हे मजुरांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले. रेल्वे राज्य शासनाच्या मागणीवरून गाडी सोडत असे आणि तिकिटे शासनाच्या हाती देत असे. सुरुवातीला एका गाडीत सुमारे १,२०० प्रवासी नेले जात, पुढे ही मर्यादा १,७०० पर्यंत वाढली, आणि किमान ९० टक्के प्रवासी असल्याशिवाय गाडी सोडायची नाही असा रेल्वेचा दंडक होता. याचा व्यवहारातला अर्थ असा, की ओडिशाच्या चाळीस जणांची यादी कितीही शुद्ध असली तरी ती एकटी गाडी मिळवू शकत नाही. शेजारच्या विभागांत काम करणाऱ्या संस्थांशी बोलून एकाच दिशेच्या याद्या एकत्र कराव्यात आणि ‘या जिल्ह्यांसाठी एवढे प्रवासी तयार आहेत’ असे पत्र नोडल अधिकाऱ्यांना द्यावे. अधिकारीही त्या दिवसांत थकलेले असतात. त्यांच्यापुढे तक्रारीऐवजी तयार आकडा ठेवला, तर काम पुढे सरकते. मे महिन्याच्या पूर्वार्धात स्वीकारणाऱ्या राज्याच्या संमतीसाठी अनेक गाड्या रखडल्या आणि १९ मेच्या सुधारित आदेशाने ती अट रद्द झाली. अशा अटी दर काही दिवसांनी बदलतात, म्हणून रोज सकाळी नवा आदेश वाचण्याची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीकडे असावी.

प्रारंभी डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागितले जात होते आणि त्यासाठी मजूर उन्हात तासन्‌तास रांगा लावत होते. अशी अट असल्यास एखाद्या डॉक्टरांना वस्तीतच बोलावून सर्वांची तपासणी विनामूल्य करून घ्यावी. प्रमाणपत्रासाठी पैसे घेणाऱ्या दलालाला वस्तीत थारा देऊ नये, तिकिटासाठी पैसे मागणाऱ्याला तर मुळीच नको. भाड्याचा वाद देशभर गाजला. महाराष्ट्राने मे महिन्यात मुख्यमंत्री सहायता निधीतून भाडे भरले आणि २८ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने मजुरांकडून रेल्वेचे किंवा बसचे भाडे घेऊ नये असा आदेश दिला.

निघण्यापूर्वी मजुरी

ठेकेदार गाठायचा तो मजूर शहरात असतानाच. एकदा माणूस गाडीत बसला की त्याची थकलेली मजुरी वसूल होणे फार कठीण होते. प्रत्येकाचे हजेरीचे दिवस, ठरलेला रोज, घेतलेली उचल आणि बाकी रक्कम एका कागदावर लिहून मुकादमाची सही घ्यावी. हजेरीवहीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांविषयीचा १९७९ चा कायदा त्या वेळी लागू होता आणि ठेकेदाराने परराज्यातून आणलेल्या मजुराला येण्याजाण्याचा प्रवास भत्ता देणे त्यात बंधनकारक होते, पण ते सांगणारे कोणी नसल्याने ठेकेदार निर्धास्त होते. बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी असलेल्यांना राज्याने एप्रिल २०२० मध्ये २,००० रुपये खात्यात दिले. ज्यांची नोंदणी सुटली होती त्यांना ते मिळाले नाहीत. म्हणून नोंदणीचे काम संकट नसतानाच करून ठेवावे.

खरी माहिती

१४ एप्रिल २०२० रोजी वांद्रे स्थानकाबाहेर शेकडो मजूर जमले, कारण गाड्या सुटणार अशी बातमी पसरली होती. टाळेबंदी त्याच दिवशी वाढली होती. या घटनेतून आपल्यासाठी नियम असा निघतो, की लेखी आदेश किंवा अधिकाऱ्याचा थेट फोन आल्याशिवाय ‘उद्या गाडी आहे’ हे शब्द आपल्या तोंडून जाता कामा नयेत, ‘बहुतेक’ लावूनसुद्धा नाही. माहिती नसेल त्या दिवशीही ठरलेल्या वेळी वस्तीत फोन करून ‘आज काही कळलेले नाही, तुमची यादी अमुक कचेरीत आहे’ एवढे सांगावे. शांतता राहिली की अफवेला जागा मिळते. गाडीचा निरोप पुष्कळदा काही तासच आधी येत असे, तेव्हा गटप्रमुखाच्या मोबाइलचे रिचार्ज संपलेले नाही आणि बॅटरी भरलेली आहे, हे रोज पाहावे.

निघण्याचा दिवस

वस्तीतून स्थानकापर्यंत बस कोणाची, ती कुठे उभी राहील आणि कोणत्या नाक्यावर पोलीस अडवतील हे आदल्या दिवशी ठरवावे. प्रत्येकाजवळ आधारची प्रत, यादीतला क्रमांक लिहिलेली चिठ्ठी आणि दोन मास्क असावेत. अन्नाचा अंदाज वेळापत्रकावरून बांधू नये. मे २०२० च्या अखेरीस मार्गांवर इतकी गर्दी झाली, की वसई रोडहून गोरखपूरला निघालेली गाडी ओडिशातल्या राउरकेलामार्गे वळवली गेली. म्हणून प्रवास जितक्या तासांचा सांगितला असेल त्याच्या दुपटीची शिदोरी द्यावी: चणे, गूळ, सत्तू, चिवडा, केळी, जलसंजीवनीची पाकिटे. पुरी-भाजी पहिल्या दुपारीच आंबते. पाणी माणशी किमान चार लिटर आणि लहान मुलांसाठी दूधपावडर वेगळी. गरोदर स्त्रिया, दहा वर्षांखालील मुले आणि ६५ वर्षांवरील वृद्ध यांनी अत्यावश्यक नसल्यास प्रवास टाळावा असे रेल्वेने मे अखेरीस आवाहन केले होते. त्यांना परिस्थिती नीट सांगावी, औषधे बरोबर द्यावीत आणि निर्णय त्यांच्यावर सोपवावा.

जे चालत निघाले आहेत

८ मे २०२० रोजी पहाटे जालन्याहून भुसावळकडे निघालेले मध्य प्रदेशचे १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली गेले. गाड्या बंद आहेत असे समजून लोक रुळांवरून चालतात. मालगाड्या मात्र टाळेबंदीतही धावत होत्या. रस्त्यावर असा जथा भेटल्यास पहिले वाक्य हेच असावे, की रुळांवरून जाऊ नका, रात्री रुळांवर टेकू नका. त्यानंतर पाणी, सावली, पायांच्या फोडांवर मलमपट्टी आणि चपला. मागे फिरा असे सांगून ते फिरत नाहीत, कारण मागे खोली सुटलेली असते. तिथेच त्यांची नावे लिहून जवळच्या तहसीलदारांना कळवावे आणि पुढचा टप्पा वाहनाने व्हावा यासाठी आग्रह धरावा. मे महिन्यात एसटीने राज्याच्या सीमेपर्यंत मोफत बस सोडल्या होत्या. आग्रा महामार्गावर त्यांच्यामुळे हजारो लोकांची पायपीट वाचली. ट्रक, टँकर किंवा सिमेंटच्या मिक्सरमध्ये लपून बसण्याचे पैसे कोणी मागत असेल, तर त्यातला धोका स्पष्ट शब्दांत सांगावा.

पोहोचल्यानंतर

गाडी पोहोचल्यावर गटप्रमुखाला फोन करून सर्व जण उतरले का, विलगीकरण शाळेत आहे की घरी, आणि तिथे जेवणाची सोय आहे का हे विचारावे. गावात बाहेरून आलेल्यांकडे संशयाने पाहिले जाते. सरपंच किंवा मुखिया यांचा क्रमांक आधीच घेतला असेल, तर एका फोनने पुष्कळ फरक पडतो. टाळेबंदी मोडल्याबद्दल मजुरांवर नोंदवलेले गुन्हे मागे घेण्याचा विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ९ जून २०२० रोजी सांगितले होते. आपल्या यादीतल्या कोणावर असा गुन्हा असेल, तर आदेशाची प्रत घेऊन संबंधित पोलीस ठाण्यात पाठपुरावा करावा. थकलेल्या मजुरीचे कागद कामगार आयुक्त कार्यालयात दाखल करावेत आणि मजुराचा खाते क्रमांक त्यावर बिनचूक लिहावा. आधारच्या ज्या प्रती आपल्याकडे उरल्या असतील, त्या काम संपताच फाडून टाकाव्यात आणि मोबाइलमधले फोटोही पुसावेत. मजुरीचा हिशेब मात्र पैसे खात्यात जमा होईपर्यंत जपून ठेवावा.