रब्बीत डीपी का जळते? शेतीपंप चालवताना या चुका टाळा

गव्हा-हरभऱ्याला पाणी सुरू झाले की रोहित्रे, म्हणजेच डीपी, जळण्याचा हंगामही सुरू होतो. मग 'डीपीच कमी क्षमतेची होती' असे सगळे म्हणतात. कधी ते खरेही असते, कारण आकडे टाकून चालणाऱ्या मोटारी कोणाच्याच हिशेबात नसतात. पण मंजूर भाराच्या आतली डीपीही जळते, आणि तिथे पहिला संशय ऑटोस्विचवर, म्हणजे लाइट येताच मोटर आपोआप सुरू करणाऱ्या स्विचवर, घ्यावा.

हिशेब करून पाहा. 100 केव्हीएचे रोहित्र लघुदाब बाजूला दर फेजला साधारण 133 अँपिअर देते. 5 एचपीची मोटर चालू असताना 8 अँपिअरच्या आसपास घेते, पण सुरू होताना काही सेकंद त्याच्या सहापट, म्हणजे 50 च्या घरात. एका डीपीवर अशा 16 मोटारी असतील आणि सगळ्यांना ऑटोस्विच असेल, तर लाइट येताच 800 अँपिअरची मागणी एकदम उभी राहते. व्होल्टेज कोसळते. मोटरची फिरण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. 415 व्होल्टचे 290 झाले तर ती निम्मीच उरते. मग मोटर वेग घेत नाही, नुसती घुमत राहते आणि सुरुवातीचा जड करंट ओढतच राहते. यात फ्यूज उडाला तर नशीब. तो उडत नाही म्हणून खूश होऊ नका, आधी त्यात कोणती तार घातली आहे ते बघायला लावा.

हाच प्रकार फिडरवरच्या (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीवरच्या) सगळ्या डीपींवर एकाच मिनिटाला होतो. उपकेंद्रात ऑपरेटर फिडर चालू करतो, तो लगेच ट्रिप होतो, आणि चूक नसलेली गावेही अंधारात बसतात.

रात्रीची पाळी, साप, बिबट्या. ऑटोस्विच हौसेने कोणी लावत नाही. काढणे शक्य नसेल तर निदान ऑन-डिले टायमर लावा. बऱ्याच मोबाइल स्टार्टरमध्ये ही सोय असतेच. पहिल्या मोटारीला 1 मिनिट, दुसरीला दीड, तिसरीला 2, असे 30 सेकंदांच्या फरकाने लावले तर सोळावी मोटर साडेआठ मिनिटांनी सुरू होते. सगळ्यांनी एकत्र बसून क्रम ठरवावा. प्रत्येकाने आपापला टायमर 'अंदाजे 1 मिनिट' ठेवला तर काहीच साधत नाही.

दुसरी चूक कपॅसिटर काढून टाकण्याची. 'वीजबिल कमी होत नाही, मग कशाला?' हा युक्तिवाद नेहमीचा. 5 एचपीला 2 केव्हीएआरचा (हे कपॅसिटरच्या क्षमतेचे माप) कपॅसिटर लावला तर 0.75 पॉवर फॅक्टरची, म्हणजे ओढलेल्या विजेतला पाऊण भागच कामाला लावणारी, मोटर 8.2 ऐवजी सुमारे 6.7 अँपिअर घेते. 16 मोटारींचा भार 131 वरून 107 वर येतो. म्हणजे आधी काठोकाठ भरलेल्या डीपीवर आणखी तीन मोटारींची जागा झाली, आणि शेवटच्या खांबावरच्या शेतकऱ्यालाही बरे व्होल्टेज मिळते. 3 एचपीला 1, साडेसातला 3 केव्हीएआर घ्या. जोडणी स्टार्टरच्या पुढे, मोटारीच्या बाजूला करा, म्हणजे मोटर बंद झाली की कपॅसिटरही सुटतो. तो ओव्हरलोड रिलेच्याही (जादा करंट आला की मोटर बंद करणाऱ्या रिलेच्या) पुढे असेल तर रिलेचे सेटिंग घटलेल्या करंटप्रमाणे खाली आणा, नाहीतर मोटर जळेपर्यंत रिले गप्प बसेल.

सिंगल फेज चालू असताना कन्व्हर्टर लावून थ्री फेज मोटर चालवणे बंद करा. सगळा भार एकाच फेजवर आणि न्यूट्रलवर येतो. न्यूट्रल तुटला तर कुणाच्या घरात व्होल्टेज 300 च्या वर जाते आणि टीव्ही, फ्रिज, बल्ब एका फटक्यात जातात.

फ्यूजच्या जागी ॲल्युमिनिअमची जाड तार घालणे तर सर्रास चालते. तार टिकते, पण तिच्याऐवजी रोहित्राचे वाइंडिंग जळते. आणि एका फेजचा फ्यूज गेला असताना मोटर चालू राहिली तर उरलेल्या दोन फेजमधून ती पावणेदोन पट करंट ओढते. स्टार्टरमध्ये सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद करणारे उपकरण, हवेच.

डीपीखालून जाताना दोन गोष्टी लांबूनच दिसतात: टाकीवरून ओघळलेले तेल आणि ब्रीदरमधले (रोहित्रात हवा जाते त्या डबीतले) ओल शोषणारे सिलिका जेल. जेल निळ्याचे गुलाबी झाले असेल तर ओल शिरते आहे. तेल गळत असेल तर वाट पाहू नका, महावितरणच्या वायरमनला किंवा 1912 वर कळवा. डीपीवर स्वतः चढू नका.