वृद्धाश्रम बघायला जाताय? मग या चुका टाळा

रविवारी सकाळी अकरा वाजता, आधी फोन करून, वेळ ठरवून वृद्धाश्रम बघून आलेली मंडळी "छान आहे हो, एकदम स्वच्छ" म्हणाली की माझं डोकं फिरतं. अकराला सगळंच छान असतं. आंघोळी उरकलेल्या, चादरी बदललेल्या, आजी-आजोबा हॉलमध्ये ओळीने बसवलेले, टीव्हीवर कीर्तन आणि मॅनेजर हसतमुख. हा सगळा कांदेपोह्यांचा कार्यक्रम. त्यावरून संसार कसा होईल ते कळत नाही.

मी हॉस्पिटलात वॉर्डची सिस्टर होते. निवृत्त झाल्यावर ओळखीपाळखीचे लोक "ताई, जरा बरोबर येता का?" म्हणून मला नेतात. पुण्याच्या आसपास हल्ली बंगल्यांत, फार्महाऊसमध्ये, सोसायटीच्या फ्लॅटमध्येही अशी निवासी केंद्रं निघाली आहेत. त्यातली काही खरोखर उत्तम आहेत. पण उत्तम आणि भयंकर यांतला फरक दिवसाउजेडी हॉलमध्ये बसून दिसत नाही.

जायचं ते संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान. बहुतेक ठिकाणी बारा-बारा तासांच्या ड्युट्या असतात आणि आठला पाळी बदलते. दिवसाच्या मावशींना बस गाठायची असते, रात्रीच्या अजून पोचलेल्या नसतात. डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश असलेल्यांची घालमेलही नेमकी तिन्हीसांजेलाच वाढते. कुणी "मला घरी सोडा" म्हणत दाराशी उभं राहतं, कुणी रडतं. त्या वेळी मावशी हात धरून बसवतात की दंडाला धरून खेचतात, एवढं बघितलंत तरी अर्धं काम झालं. "संध्याकाळी भेटायची परवानगी नाही" असं सांगणाऱ्या ठिकाणी मी दुसऱ्यांदा फोन करत नाही.

चार्ट बघून खूश होणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. एका मुलाबरोबर शहराबाहेरच्या एका निवासात गेले होते. त्याच्या वडिलांना पक्षाघात झालेला, कूस बदलायलाही माणूस लागणार. मॅनेजरनी कौतुकाने एका आजोबांच्या पलंगाला अडकवलेला चार्ट दाखवला. दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद, डावी, पाठ, उजवी, पुढे सही. मुलाने लगेच फोटो काढून अमेरिकेतल्या बहिणीला पाठवला. मी चष्मा लावून वाचायला घेतला. घड्याळात पावणेनऊ झाले होते आणि चार्टवर रात्रीचे दहा, बारा, दोन, चार, पहाटेचे सहा, सगळे रकाने भरलेले! एकच निळं पेन, एकच सही. चार्टप्रमाणे आजोबा पहाटे चारला उजव्या कुशीवर झोपणार होते.

प्रत्यक्षात ते पाठीवर होते. पाय चादरीबाहेर आलेला. "आजोबा, टाच बघू का?" म्हटलं, त्यांनी मान हलवली. टाचेवर रुपयाएवढा काळसर जांभळा डाग, एकाच जागी दाब पडून झालेला. मॅनेजरना विचारलं, तर म्हणाले, "सिस्टर, रात्री लाइट लावला की बाकीचे उठतात ना, म्हणून आधीच भरून ठेवतात." लाइट न लावता कूस बदलता येते, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं आणि त्यांनी कुणाला विचारलंही नव्हतं. मुलगा मात्र गाडीत बसेपर्यंत म्हणत होता, "पण निदान चार्ट तरी ठेवतात ताई, बाकीचे तर तेवढंही करत नाहीत." अशांना मी काही समजवायला जात नाही. टाचेचा फोटो बहिणीला पाठव म्हटलं, आणि गप्प बसले.

तेव्हा चार्ट जरूर मागा, पण आधी घड्याळ बघा. पुढच्या वेळांची नोंद दिसली तर बाकी तपासायची गरज नाही. आणि चार्टपेक्षा अंथरुणाला खिळलेला माणूस बघा. चालत्या-बोलत्या आजी स्वतःची काळजी घेतात, जमेल तशी तक्रारही करतात. ज्यांना बोलता येत नाही त्यांना कसं ठेवलंय, त्यावर ठरवायचं. परक्या माणसाच्या अंगावरची चादर उचलायची नाही, तो अधिकार आपला नाही. पण नमस्कार करून दोन शब्द बोललात तर पुष्कळ दिसतं. नखं कापलेली आहेत का, ओठ कोरडे फुटलेत का, पाण्याचा पेला हात पोचेल तिथे आहे की समोरच्या टेबलावर शोभेला. लघवीची पिशवी पलंगाच्या कडेला, मूत्राशयाच्या खालच्या पातळीला, पण जमिनीला न टेकता लटकलेली हवी. ती जमिनीवर लोळत असेल आणि आतला रंग काढ्यासारखा गडद असेल, तर पाणी कमी पाजतात आणि पिशवीकडे कुणी बघत नाही.

बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, हाडं टेकतात तिथे होतात: माकडहाड, खुबे, टाचा, घोटे. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढुरका व्हायला हवा. झाला नाही तर आत इजा सुरू झालेली असते. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हाताला गरम किंवा कडक लागतं का ते बघायचं. आपलं माणूस तिथे ठेवल्यावर दर भेटीत हे स्वतः बघत जा. आणि "आमच्याकडे एअर बेड आहे" (पंपाने हवा भरत राहणारी गादी) हे उत्तर ऐकून घेऊ नका. एअर बेडवरही कूस बदलावीच लागते. पंप चालू आहे का तेही बघा. मोबाईल चार्ज करायला पंपाची पिन काढून ठेवलेली मी पाहिलेली आहे.

रात्रीची किल्ली

भिंतीवर आग विझवायचा लाल सिलिंडर दिसला की लोकांचं समाधान होतं. त्यावरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, एवढंही कुणी वाचत नाही. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाखाली आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. त्याला 'बी' फॉर्म म्हणतात. तो मागा. कुठे ठेवलाय ते शोधायला किती वेळ लागतो, त्यावरूनही बरंच कळतं.

माझा खरा प्रश्न मात्र वेगळाच असतो. रात्री गेटला कुलूप, जिन्याच्या दाराला कुलूप, खिडक्यांना ग्रिल. किल्ली कुणाकडे? हे मी मॅनेजरला विचारतच नाही. रात्रीच्या मावशींना सांगते, "मला मागच्या दाराने बाहेर सोडा." मग किल्ल्यांचा जुडगा शोधणं, वॉचमनला हाका मारणं, "त्या दाराला कपाट लावलंय" हे सगळं आपोआप बाहेर येतं. 1 जानेवारी 2023 ला पहाटे दिल्लीत ग्रेटर कैलाशमधल्या एका ज्येष्ठांच्या केंद्राला आग लागून दोन वृद्ध बायका गेल्या. अंथरुणाला खिळलेली माणसं दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर ठेवली असतील आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नसेल, तर रात्रीच्या दोन मावशी कुणाकुणाला उचलणार? अशी माणसं तळमजल्यावरच हवीत. या बाबतीत मी ऐकून घेत नाही.

याच्या जोडीला बांधून ठेवणं. "पडू नयेत म्हणून" ओढणीने किंवा बँडेजने हात पलंगाला बांधतात. 6 ऑगस्ट 2001 ला तमिळनाडूतल्या एरवाडीत साखळ्यांनी बांधून ठेवलेले 28 मनोरुग्ण आगीत जळून मेले, कारण त्यांना पळताच आलं नाही. मनगटावर वळ दिसले, किंवा दुपारी चारला सगळा हॉल पेंगत असला, तर कुणाला कसली गोळी देता आणि ती कुठल्या डॉक्टरांनी लिहिली, हे तिथल्या तिथे विचारा.

बाकीच्या चुका पटापट

टॉवेलच्या दांडीला आधाराची दांडी समजणं. आजोबा तिला धरून उठतात आणि दांडीसकट खाली येतात. मी दांडी धरून अंगाचा भार टाकून बघते. हलली तर सांगते. संडासाची कडी बाहेरून उघडता यायला हवी.

गिझर. 60 अंशांचं पाणी पाच-सहा सेकंदांत कातडी खोलवर भाजतं, म्हाताऱ्या पातळ कातडीला तेवढाही वेळ लागत नाही. ब्रिटनमध्ये केअर होमच्या आंघोळीच्या पाण्याला 44 अंशांची मर्यादा आहे. इथे निदान बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि हात घालून बघणं, एवढी सवय मावशींना आहे का ते विचारा.

शुगर तपासायचं टोचणीचं पेन सगळ्यांना एकच असणं. सुई बदलली तरी पेन ज्याचं त्याचं हवं, नाहीतर कावीळ बी एकाची दुसऱ्याला जायला वेळ लागत नाही. इन्सुलिन फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून नको. गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यायचं.

भिंतीवरचा मेनू वाचून खूश होणं. मेनूपेक्षा वेळा विचारा. स्वयंपाकाच्या मावशी लवकर जातात म्हणून संध्याकाळी सहाला जेवण आणि सकाळी नऊला नाश्ता, म्हणजे पंधरा तास पोटात काही नाही. इन्सुलिन घेणाऱ्याची शुगर पहाटे खाली जाणार ती अशीच.

सीसीटीव्ही. परदेशातल्या मुलांना हा फार आवडतो. कॅमेऱ्यात आई पडलेली दिसते, पण तिला उचलायला कॅमेरा येत नाही. त्यापेक्षा पलंगाशेजारची बेल वाजवून बघा आणि घड्याळ लावा. एका ठिकाणी बेल वाजेचना. आतले सेल टीव्हीच्या रिमोटमध्ये होते.

फिनाईलचा वास. लघवीचा वास वाईट, हे कुणीही सांगेल. पण दारातच डोळे चुरचुरतील एवढं फिनाईल असेल, तर ते कशावर ओतलंय याचा विचार करा.

"रजिस्टर्ड आहे हो." धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्टची नोंदणी झाली म्हणजे संस्था कागदोपत्री आहे आणि तिला हिशेब द्यावे लागतात, एवढंच. तिथे आजींना वेळेवर डायपर बदलून मिळतो का, याचा त्या नोंदणीशी काही संबंध नाही.

आणि घाई. खुब्याचं ऑपरेशन झालं, हॉस्पिटल म्हणतंय उद्या डिस्चार्ज, म्हणून शनिवारी व्हिडिओ कॉलवर जागा बघायची आणि सोमवारी सामान हलवायचं. अशा लोकांना मी सरळ सांगते, पंधरा दिवस घरी नर्सिंग ब्युरोची बाई ठेवा आणि तेवढ्यात तीन-चार जागा संध्याकाळच्या वेळी बघा. बऱ्याच ठिकाणी महिनाभरापुरतंही ठेवून घेतात, आधी तसंच ठेवा. मोठं डिपॉझिट पहिल्या दिवशी देऊ नका. रात्री बरं नसलं तर कुठल्या हॉस्पिटलात नेणार, बरोबर कोण जाणार, डायपर-औषधांचे वेगळे किती आणि माणूस मध्येच हलवला तर परत किती मिळणार, हे करारात लिहून घ्या. तोंडी "बघू ना ताई, आपलेच आहात" चालणार नाही.

ठेवल्यानंतर तक्रारीची वेळ आलीच, तर ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन 14567 आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. रात्री काही झालं तर 112, अँब्युलन्सला 108. हे तिन्ही नंबर आईच्या मोबाईलमध्ये घालून ठेवा, आणि मोबाईल तिच्या उशाशी असतो की ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, ते पुढच्या भेटीत बघा.