हमिंगबर्डसाठी फीडर लावताय? आधी त्यांचं टाइमटेबल बघून घ्या

परवा एका मैत्रिणीचा मेसेज आला, जूनमध्ये फीडर (साखरपाण्याची टांगायची बाटली) लावलाय, आठवडा होऊन गेला, एकसुद्धा हमिंगबर्ड (फुलांतला रस पिणारा इवलासा पक्षी) फिरकला नाही, काय चुकतंय? तसं काही चुकलं नाही, फक्त पंगत बसून गेल्यावर ही पानं मांडायला गेली. जूनमध्ये माद्या घरट्यात अडकलेल्या असतात, नरांनी आपापले इलाके कधीच वाटून घेतलेले असतात आणि आजूबाजूला फुलंही भरपूर असतात, मग तुमच्या नव्या बाटलीकडे कोण बघतंय.

तर आधी तारखा. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या राज्यांत जो दिसतो तो बहुतेक वेळा रूबी-थ्रोटेड, म्हणजे लाल गळ्याच्या जातीचा हमिंगबर्ड. हिवाळा काढतो दक्षिण मेक्सिको ते पनामा या पट्ट्यात, फेब्रुवारीअखेर-मार्चमध्ये गल्फच्या, म्हणजे मेक्सिकोच्या आखाताच्या, अमेरिकेकडच्या किनाऱ्यावर पोचतो, मग फुलं उमलत जातील तसा वर सरकत येतो. आमच्याकडे ओहायोत एप्रिलच्या उत्तरार्धात, कॅनडात मे उजाडतो. नर आधी येतात, माद्या आठ-दहा दिवसांनी. तुमच्या भागात पहिला पक्षी कधी दिसतो ते बघा आणि त्याच्या दोन आठवडे आधी फीडर टांगा, कारण नुकता आलेला पक्षी भुकेला असतो आणि तेव्हा जिथे खायला मिळतं ती जागा तो सहसा विसरत नाही, पुढच्या वर्षीही तिथेच डोकावतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याकडे राहणाऱ्यांना हे काही लागू नाही बरं का, तिथला अ‍ॅनाज हमिंगबर्ड वर्षभर मुक्कामीच असतो, फीडर काढायचाच नाही.

आता पाक. एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, बास. साखर विरघळेपर्यंत गरम करायचं, पूर्ण गार झालं की भरायचं, उरलेलं फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं. मध घालू नका (पाण्यात कालवला की बुरशी फार पटकन धरते), ब्राउन शुगर नको, गूळ तर नकोच, शुगरफ्री म्हणजे बिचाऱ्याची फसवणूक. आणि तो लाल रंग! फीडरला लाल झाकण असतं, तेवढं त्याला पुरतं, पाण्यात रंग घालायची काही गरज नाही.

हे मी शहाणपणाने सांगतेय पण पहिल्या वर्षी मीच ते तयार लाल पाणी आणलं होतं, भर ऑगस्टमध्ये बाटली दोन आठवडे तशीच लटकत ठेवली, खाली उतरवली तर भोकांच्या आतून काळी बुरशी आणि आंबूस वास. एक मादी रोज यायची, चोच घालायची आणि लगेच मागे सरकायची, मला वाटायचं लाजतेय 😅 म्हणून सांगते, फीडर लावणं काही काम नाही, तो धुणं हे काम आहे. कडक उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी, गारवा असेल तर चार-पाच दिवसांनी पाणी बदलायचंच, प्यायलेलं असो वा नसो. गरम पाणी, ब्रश, लागलं तर थोडं व्हिनेगर आणि नीट खळबळून काढायचं. भोकं ब्रशने घासता येतील असाच फीडर घ्या, शोभेचे काचेचे फुगे दिसतात छान पण आत हात जात नाही. बशीच्या आकाराचे पसरट फीडर बरे, त्यात पाणी भोकांपासून बरंच खाली असतं, मधमाशीची जीभ पोचत नाही आणि हमिंगबर्डची लांब जीभ आरामात पोचते. मुंग्यांसाठी वर पाण्याची छोटी वाटी येते ती लावा. दांड्याला तेल मात्र फासू नका, पिसांना लागलं तर पक्ष्याचे हाल होतात.

जागा अशी की दुपारी सावली येईल, आणि खिडकीपासून एकतर तीन फुटांच्या आत नाहीतर चांगलं लांब, मधल्या अंतरात ठेवलात तर वेगात येऊन काचेवर आपटतात.

भांडणं होणारच. एक नर शेजारच्या काटकीवर बसून राहतो आणि दुसरा कोणी आला की सूं करून अंगावर जातो, स्वतः तेवढं पीतही नाही, नुसता पहारा! अशा वेळी दुसरा फीडर घराच्या दुसऱ्या बाजूला लावायचा, पहिल्या ठिकाणाहून दिसणार नाही असा, दोन्हीकडे एकट्याला राखण जमत नाही. तो बसलेला असताना त्याचा गळा नीट बघा, काळा दिसतो, मान जराशी वळली आणि ऊन पडलं की एकदम निखाऱ्यासारखा पेटतो, कारण तो लाल रंग पिसांच्या रचनेतून येणाऱ्या प्रकाशाचा खेळ आहे.

नुसत्या साखरेवर ते जगत नाहीत हेही लक्षात ठेवा. बारीक किडे, कोळी खातात, पिल्लांना तेच भरवतात, आणि मादी घरटं बांधते तेही कोळ्याच्या जाळ्याने चिकटवून, वरून दगडफुलाचे तुकडे लावून. अर्ध्या अक्रोडाएवढं घरटं, त्यात दोन अंडी, सगळं एकटीने. तेव्हा बागेत कीटकनाशक मारत असाल तर फीडर लावण्यात अर्थ नाही. जमलं तर कार्डिनल फ्लॉवर, बी बाम, कोरल हनीसकल अशी त्यांच्या आवडीची फुलझाडं लावा. घरटं सापडलं तर लांबूनच बघा, अमेरिकेच्या १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याखाली रिकामं घरटंसुद्धा घरी नेता येत नाही.

गार पहाटे एखादा पक्षी फीडरला लटकून निपचित दिसला तर मेला समजून उचलू नका. रात्री शक्ती वाचवायला ते शरीराचं तापमान खूप उतरवतात आणि गुंगीत जातात, जागं व्हायला थोडा वेळ लागतो.

परतीचा प्रवास जुलैअखेरच सुरू होतो, आधी नर जातात, मग माद्या, शेवटी यंदाची पिल्लं, तीही एकेकटी, वाट दाखवायला कोणी नसतं. एरवी वजन ३ ग्रॅम, म्हणजे एका पेनीपेक्षा (अमेरिकेतलं एक सेंटचं नाणं) जेमतेम जास्त, पण निघण्याआधी खाऊन खाऊन जवळपास दुप्पट होतात, कारण त्यातले बरेचसे पुढे गल्फचं सुमारे ८०० किलोमीटर पाणी एका दमात ओलांडतात. सप्टेंबरमध्ये फीडरवर गुबगुबीत पक्षी दिसतो तो याच तयारीत असतो. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फीडर अजिबात रिकामा ठेवू नका. "फीडर ठेवला तर ते थांबतात, थंडीत मरतात" असं कोणी ना कोणी सांगतंच, तसं काही नसतं, दिवस लहान व्हायला लागला की ते निघतात, तुमच्या साखरेपायी कोणी राहत नाही.

शेवटचा पक्षी दिसल्यावर अजून दोन आठवडे फीडर राहू द्या, मागे राहिलेला एखादा येतो. आणि नोव्हेंबरात कोणी आलंच तर आधी फोटो काढा, तो रूबी-थ्रोटेड नसून पश्चिमेकडून वाट वाकडी करून आलेला रूफस जातीचा हमिंगबर्ड असू शकतो. मग मात्र फीडर उतरवू नका, रात्री पाणी गोठत असेल तर संध्याकाळी आत घ्या आणि उजाडायच्या आत परत टांगा.