पन्नास पानांचा स्वयंपाक घरी करायचा, तर शिधा किती घ्यावा?

सासूबाईंची पंचाहत्तरी घरच्या गच्चीवर करायची ठरली आणि त्याच संध्याकाळी मोठ्या जाऊबाईंनी विचारलं, "तांदूळ किती घ्यायचे गं?" चार माणसांच्या स्वयंपाकाचा अंदाज हाताला असतो. पन्नास म्हटलं की तो सुटतो आणि प्रत्येक पदार्थाला "असू दे थोडं जास्त" म्हणत किलो-अर्धा किलो वाढवला जातो. बजेट तिथेच हाताबाहेर जातं. सगळ्या पदार्थांत दहा-दहा माणसांचं जास्तीचं रांधलं, तर कुणीही न खाल्लेली दहा भरलेली ताटं आपण विकत घेतलेली असतात.

जास्तीचं लागतंच, पाहुणा उपाशी जाता कामा नये. पण ते शिजवून ठेवू नका, कच्चं ठेवा. पुढचा सगळा हिशोब याच एका गोष्टीवर उभा आहे.

आधी पानं मोजा

आचारी पहिला प्रश्न विचारतात, "किती पानं?" आपणही तसंच मोजायचं. मोठं माणूस म्हणजे एक पान. तीन ते दहा वर्षांचं मूल अर्धं पान. त्याहून लहान मूल धरायचं नाही, ते आईच्या ताटातलं खातं. आमच्याकडे ४४ मोठी माणसं आणि १२ मुलं होती, म्हणजे ५० पानं.

दोन दिवस आधी प्रत्येक घरी फोन करा आणि "येताय ना?" असं न विचारता "तुम्ही किती जण येताय?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. दुसऱ्याला "आम्ही दोघंच, मुलाची परीक्षा आहे" असं खरं उत्तर मिळतं. मांडववाले, वाढायला मदत करणारी मुलं आणि घरातली माणसं यादीत घातलीत ना, तेवढं पाहा. हीच बहुधा विसरली जातात.

एक पान घरी वाढून पाहा

ही पायरी गाळू नका. कार्याच्या आठवडाभर आधी, एखाद्या रविवारी ठरलेल्यापैकी तीन-चार पदार्थ घरी करा. ज्या डावाने त्या दिवशी वाढणार आहात, त्याच डावाने एक ताट वाढा आणि प्रत्येक पदार्थ स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून लिहून ठेवा. आमच्या डावात मसालेभात साधारण ८० ग्रॅम बसला. बहुतेक माणसं दोन डाव घेतात, म्हणजे १६० ग्रॅम शिजलेला भात. तांदूळ शिजून वजनाने अडीच ते तीन पट होतो, तेव्हा माणशी ६० ग्रॅम तांदूळ आणि ५० पानांना ३ किलो. माझ्या मनात पाच किलो होते. त्या एका ताटाने दोन किलो तांदूळ, त्यावरचा मसाला, तेल आणि खोबरं वाचवलं.

पुऱ्यांचंही असंच. एक वाटी कणीक तोलून मळली, नेहमीच्या आकाराच्या लाट्या केल्या आणि मोजल्या. किलोभर कणकेच्या ५५ ते ६० पुऱ्या होतात असं निघालं. तुमची पुरी मोठी असेल तर आकडा वेगळा येईल, म्हणून एकदा मोजलेलं बरं.

५० पानांचा शिधा

आमचा बेत साधा होता: वरण-भात, मसालेभात, पुरी, बटाट्याची सुकी भाजी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, शिरा आणि मठ्ठा. वजनं अशी धरली:

- साध्या भाताची मूद: तांदूळ सव्वा किलो, वरणाला तूरडाळ १ किलो
- मसालेभात: तांदूळ ३ किलो, तोंडली किंवा मटार दीड किलो
- पुऱ्या माणशी पाच: कणीक साडेचार किलो
- बटाटे ६ किलो
- कोरडी मटकी दीड किलो (मोड आल्यावर तीन-साडेतीन किलो होते)
- काकडी ३ किलो, दही १ किलो, दाण्याचं कूट पाव किलो
- शिरा: रवा १ किलो, साखर १ किलो, तूप ७०० ग्रॅम
- मठ्ठा: दही अडीच किलो, पाणी ५ लिटर
- तेल ४ लिटर, वरण-भातावर वाढायला तूप पाव किलो
- प्यायचं पाणी: २० लिटरचे ३ जार

बेतात आणखी एक भाजी आली तर आधीच्या दोन्ही भाज्या प्रत्येकी पाऊण करा. पोट तेवढंच असतं. भात मात्र कमी करू नका, शेवटी सगळे भातावर येतात.

तिखट, मीठ आणि हिंग माणसांच्या पटीत वाढवायचे नसतात. पाच जणांच्या उसळीला दोन चमचे तिखट लागत असेल, तर पन्नास जणांना एकदम वीस घालू नका. चौदा-पंधरा घाला, उकळी येऊ द्या, चव बघा, मग पुढचं. भाताच्या पाण्याचंही तसंच: मोठ्या पातेल्यात त्या मानाने वाफ कमी जाते, म्हणून पाणी थोडं हात राखून घालायचं आणि शेजारी आधणाचं पाणी तयार ठेवायचं.

पैसे कुठे वाचतात

धान्यात फारसे वाचत नाहीत. तांदूळ आणि डाळ स्वस्तातली आणून किलोमागे जे वाचतं, ते पानावर लगेच दिसतं. नवा तांदूळ तर आणूच नका, मोठ्या प्रमाणात तो हमखास गिचका होतो. जुना कोलम चांगला मोकळा होतो.

खरा फरक गोडात पडतो. श्रीखंड करायचं तर माणशी ९० ग्रॅमने साडेचार किलो लागतं, म्हणजे अडीच किलो चक्का आणि दोन किलो साखर. शिऱ्याला एक किलो रवा पुरतो, कारण पाण्या-दुधासकट त्याचा जवळजवळ पाच किलो शिरा होतो. दोन्हींचे भाव काढून शेजारी-शेजारी लिहा, बेत आपोआप ठरेल. पनीरच्या भाजीचंही असंच. उसळ त्या मानाने कितीतरी स्वस्त, आणि मोड चांगले आले असतील तर लोक ती मागून घेतात.

दुसरी बचत हंगामाची. हिवाळ्यात मसालेभातात मटार घाला, एरवी तोंडली. पावसाळ्यात कोथिंबीर भडकते आणि उन्हाळ्यात लिंबं, तेव्हा यादी महिना बघून करा. आम्ही भाजी मंडईतून एकदम आणली. बटाटे आणि काकडी मोठ्या प्रमाणात घेताना भाव करता येतो, कोथिंबिरीच्या चार जुड्यांसाठी घासाघीस करण्यात अर्थ नाही.

भांडी आणि आच

भाच्याच्या बारशाला आम्ही तिन्ही किलोंचा मसालेभात एकाच पातेल्यात, घरच्या गॅसवर लावला होता. खाली करपला आणि वर भाताला कणी राहिली. करपलेला वास सगळ्या पातेल्याला लागला, आणि पंगत तर बसलेली. घरच्या बर्नरची आच मोठ्या पातेल्याच्या कडेपर्यंत पोचत नाही. तेव्हापासून दीड-दीड किलोचे दोन घाणे, नऊ-दहा लिटरच्या जाड बुडाच्या पातेल्यांत. पहिला घाणा उतरला की झाकण लावून वर जाड टॉवेल गुंडाळायचा, तास-दीड तास गरम राहतो. मोठी पातेली, झारे आणि परात भाड्याने मिळतात. एका दिवसासाठी विकत घेऊ नका.

मटकी दोन दिवस आधी सकाळी भिजवा, रात्री फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोड येतात. उन्हाळ्यात त्याच्याही आधी बघा, वास यायला वेळ लागत नाही. बटाटे आदल्या रात्री उकडून ठेवले तर न सोलता फ्रीजमध्ये. काकडी सकाळी चोचवली तरी मीठ आणि दही अगदी पंगत बसताना घाला, नाहीतर तिला पाणी सुटून कोशिंबिरीचं सार होतं.

कच्ची शिल्लक

आता जास्तीचं. वरच्या वजनांत मी काहीही वाढवलेलं नाही. त्याऐवजी बाजूला ठेवा: १ किलो तांदूळ, १ किलो कणीक, अर्धा किलो बेसन, दोन किलो कांदे. आठ-दहा माणसं अचानक वाढली तर अर्ध्या किलो बेसनाचं पिठलं वीस-पंचवीस मिनिटांत होतं आणि वीसेक जणांना पुरतं. भाताचा कुकर तोवर होतो. माणसं वाढली नाहीत तर हे सगळं डब्यात परत जातं आणि महिन्याच्या किराण्यात वळतं होतं.

पुऱ्यांना हे विशेष लागू. साडेचारपैकी साडेतीन किलोच कणीक आधी मळा. उरलेली, दोनशेव्या पुरीपर्यंत पंगतीचा रंग बघून.

वाढप

जमत असेल तर पंगत करा. टेबलावर मांडून ठेवलं की पहिले वीस जण ताट भरून घेतात, त्यातलं बरंच टाकलं जातं, आणि शेवटच्या दहा जणांना शिरा उरत नाही. पंगतीत थोडं थोडं, पण पुन्हा पुन्हा विचारत वाढता येतं. आग्रह जरूर करा, मात्र वाढण्याआधी विचारून. शिऱ्याला छोटा चमचा ठेवा आणि गोडाच्या वाढपाला घरातलं जाणतं माणूस उभं करा. आमच्याकडे जाऊबाई होत्या. प्रत्येक फेरीनंतर पातेल्यात डोकावून किती उरलं ते त्या खुणेनेच मला सांगत होत्या.

शिजलेला भात आणि उसळ गरम हवेत दुपारभर उघडी राहिली तर संध्याकाळी कुणाला देऊ नका. पंगत उठल्या उठल्या उरलेलं पसरट भांड्यात काढून गार करा, लगेच डबे भरून द्या किंवा फ्रीजमध्ये टाका.

त्या दिवशी आमच्याकडे ४७ पानं झाली. शिरा संपला. मसालेभात दोन डबे उरला, तो शेजारच्या आजींकडे आणि रात्रपाळीच्या वॉचमनकाकांकडे गेला. मठ्ठा दोन लिटर उरला. न मळलेली कणीक तशीच डब्यात होती, दुसऱ्या दिवशी तिच्या पोळ्या केल्या. हे सगळं मी यादीच्याच कागदाच्या मागे लिहून ठेवलंय. पुढच्या कार्याला मठ्ठ्याचं दही दोन किलो, आणि रवा सव्वा किलो.