मुलांना परिच्छेद लिहायला शिकवताना या चुका टाळा

चौथी-पाचवीच्या वहीत 'माझा आवडता प्राणी' बहुधा असा असतो: "आमच्या गाईचं नाव कपिला आहे. ती पांढरी आहे. ती गोठ्यात राहते. ती गवत खाते. ती दूध देते. मला ती खूप आवडते." व्याकरणाची एकही चूक नाही, तरी वाचवत नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे एकसुरीपणा वाक्याच्या दोन्ही टोकांना जाणवतो.

अशा वहीवर 'वाक्यरचनेत विविधता हवी' असा शेरा मारून उपयोग नाही, त्यातून नेमकं काय करायचं ते मुलाला कळत नाही. त्यापेक्षा प्रत्येक वाक्याचा पहिला आणि शेवटचा शब्द त्यालाच पेन्सिलीने अधोरेखित करू द्या, मग परिच्छेद मोठ्याने वाचायला लावा. एकच शब्द लागोपाठ तीनदा आला, तर मधलं वाक्य बदलायचं. पुष्कळदा नुसतं 'ती' गाळलं तरी भागतं. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण इंग्रजीत कर्ता सहसा गाळता येत नाही.

खरी अडचण मात्र मजकुराची असते. माहितीच सुटी सुटी असेल, तर वाक्यंही सुटीच येणार. म्हणून लिहिण्याआधी दहा मिनिटं तोंडी प्रश्न विचारा. कपिला कधी हंबरते? का? धार काढताना काय करते? 'कधी'चं उत्तर देताना 'वाजलं की', 'उघडल्यावर', 'काढताना' अशी रूपं आपोआप तोंडात येतात. 'का'चं उत्तर 'कारण' किंवा 'म्हणून' घेऊनच येतं. मग त्याच मुलाकडून असं काही निघतं:

"कपिला आमची पांढरी गाय. सकाळी गोठ्याचं दार वाजलं की ती हंबरते, कारण आता पेंड मिळणार हे तिला ठाऊक असतं. धार काढताना मात्र शांत उभी राहते. मी जवळ गेलो तर? लगेच मान पुढे करते, खाजवून घ्यायला!"

यात 'आहे' एकदाही नाही. पहिल्या वाक्यात तर क्रियापदच नाही. ते चूक म्हणून कापू नका. आणि लांब वाक्यानंतर आखूड वाक्य आलंय, ते मुलाला दाखवून द्या.

'आणि मग… आणि मग…'ची साखळी तोडायला '-ऊन' शिकवतात, तेव्हा उलटाच घोटाळा होतो: "उठून, दात घासून, आंघोळ करून, डबा घेऊन मी शाळेत गेलो." एका वाक्यात दोनपेक्षा जास्त '-ऊन' नकोत. शिवाय '-ऊन'ची क्रिया आणि मुख्य क्रिया करणारा साधारणपणे एकच असावा लागतो. "घंटा वाजून आम्ही पळालो" खटकतं ते त्यामुळेच. तिथे 'घंटा वाजताच' हवं.

केवल, संयुक्त, मिश्र हे प्रकार पाठ करून घेतले, की मुलं ते ओळखायला शिकतात, लिहायला नाही. दोन वाक्यं जोडण्याचा सराव जास्त उपयोगी पडतो. "पाऊस आला. आम्ही खेळत राहिलो." ही जोडी फळ्यावर लिहा आणि तीन तऱ्हांनी जोडायला सांगा: "पाऊस आला, पण आम्ही खेळत राहिलो." "पाऊस आला तरी आम्ही खेळत राहिलो." "भर पावसात आम्ही खेळत राहिलो." कोणतं बरं वाटतं आणि का, हे मुलांनाच बोलू द्या. रोज दोन जोड्या पुरेत. तिसरी-चौथीत 'पण, म्हणून, कारण' एवढंच ठेवा. 'जेव्हा-तेव्हा', 'जो-तो' पाचवीपासून.

'अहाहा! किती सुंदर!' अशी तयार वाक्यं पाठ करायला देऊ नका. ती मग पावसाळ्यात, सहलीत, आजीच्या वर्णनात, सगळीकडे चिकटवली जातात. परिच्छेदात एखादाच प्रश्न किंवा उद्गार पुरे.

शेवटचं लाल पेनाबद्दल. नवं, लांब वाक्य लिहिलं की ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हं चुकणारच. तिथेच पाच गोल पडले, तर पुढच्या वेळी मूल मुकाट्याने 'ती पांढरी आहे'वर परततं, कारण ते सुरक्षित असतं. पहिल्या फेरीत फक्त वाक्यं बघा, जमलेल्या एका वाक्याखाली रेघ ओढा. शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी, त्याच परिच्छेदाची पक्की प्रत काढताना.